सासूबाईंना कळसूबाई दाखवायची आहे, शिखरापर्यंत न्यावं का?

डोंबिवलीची_सून

नमस्कार मंडळी,

माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. माहेर इगतपुरी तालुक्यातलं, टाकेदच्या बाजूचं. लहानपणी घराच्या ओट्यावर बसलं की समोर कळसूबाई दिसायची, दिवस त्या बाजूलाच मावळायचा, असं त्या नेहमी सांगतात. पण वर कधी गेल्या नाहीत. घरचे पुरुष नवरात्रात जायचे, बायका खालूनच हात जोडायच्या. लग्न करून कल्याणला आल्या, माहेरचं घर पुढे विकलं गेलं आणि तिकडचं जाणं सुटलं ते सुटलंच.

परवा टीव्हीवर शिखरावरची गर्दी दाखवत होते. ते बघून म्हणाल्या, "मला एकदा ने गं तिकडे, मग काही मागणार नाही." (हे वाक्य आम्ही फ्रिजच्या वेळीही ऐकलं होतं, ते सोडा.)

आता घरात दोन तट पडलेत. यजमानांचं म्हणणं, हळूहळू नेऊ, शिड्या आहेत, कठडे आहेत, लागलं तर डोलीवाले बघू. नणंदबाई म्हणतात वेड लागलंय का, आईचा एक गुडघा बदललेला आहे, दुसरा कुरकुरतो. सासूबाईंना सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालता येतं, पण जिना चढताना कठडा लागतो.

विचारायचं एवढंच की वरपर्यंत नेणं खरंच शक्य आहे का? नसेल तर तिकडे जाऊन नुसतं खालूनच परत यायचं का? त्यात काय मजा? आणि कुठल्या महिन्यात जावं? गाडी आमची आहे, दोन दिवस काढता येतील.

सह्यभटक्या

ताई, बिनधास्त न्या! महाराष्ट्राचं एव्हरेस्ट आहे, १६४६ मीटर, आयुष्यात एकदा तरी व्हायलाच पाहिजे. आमच्या ग्रुपबरोबर पासष्टीचे एक काका होते, तरुणांच्या पुढे चालत होते.

प्लॅन असा करा. शनिवारी रात्री बारीत पोचायचं. गावात जेवणा-झोपण्याची सोय घरोघरी होते. पहाटे अडीच-तीनला बॅटऱ्या घेऊन निघायचं, सूर्योदय वर. कड्याच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, वाटेत लिंबू सरबत, चहा, मॅगी सगळं मिळतं. वरून अलंग-मदन-कुलंग, रतनगड, हरिश्चंद्रगड, पट्टा, हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला त्र्यंबकची रांगसुद्धा दिसते. आणि जायचं तर पावसाळ्यात जा. ढगातून चालतोय असं वाटतं. स्वर्ग!

गुडघेदुखी_स्पेशल

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरच्या प्रतिसादातल्या काकांचे गुडघे त्यांचे स्वतःचे असावेत.

चढण्यापेक्षा उतरणं जास्त भारी पडतं हे लक्षात ठेवा. बारीतून शिखरापर्यंत साधारण २,७०० फूट चढ आहे, आणि तेवढंच उतरायचं आहे. उंच-सखल दगडी पायऱ्या, उभ्या शिड्या, वर पावसाची निसरड. बदललेला गुडघा कदाचित सांभाळून घेईल, न बदललेला घेणार नाही. अर्ध्या वाटेत पाय धरला तर तिथून खाली आणायचं कसं, हे आधी ठरवा आणि मग निघा. माझं मत स्पष्ट आहे: नेऊ नका.

राजूरचे_मास्तर

ताई, माझी जवळजवळ सगळी नोकरी अकोले तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात गेली, जिल्हा परिषदेच्या शाळांवर. आता राजूरला असतो. मास्तर माणूस, थोडं लांबण लावणार, सांभाळून घ्या.

वर नेऊ नका. गुडघ्याचं कारण वरच्या ताईंनी सांगितलंच आहे. माझं कारण वेगळं आहे. तुमच्या सासूबाईंना वर कुठे जायचंय? त्यांना ओट्यावरून दिसायची ती कळसूबाई बघायची आहे. शिखरावर गेलं की सगळा मुलूख दिसतो, कळसूबाई तेवढी दिसत नाही. वर एक एवढंसं देऊळ आहे, दोन-तीन माणसं आत बसली की भरलं. सुट्टीच्या दिवशी त्याच्याभोवती रांग, आणि शिडीपाशी वर जाणारे नि खाली येणारे एकमेकांवर खेकसत उभे. पहाटे तीनला उठवून म्हातारीला या गर्दीत उभं करायचं, हे देवीलाही आवडायचं नाही.

आणि "खालूनच" म्हणताय, तर खालून बघण्यासारखं इतकं आहे की दोन दिवस पुरणार नाहीत. कसं जायचं ते सांगतो.

घोटीवरूनच या, संगमनेरचा विचार करू नका. घोटीला महामार्ग सोडला की कोल्हारचा रस्ता लागतो. सासूबाईंना मागच्या सीटवर उजव्या खिडकीशी बसवा. दोन्ही बाजूंना भातखाचरं सुरू होतात आणि उजवीकडे डोंगरांची भिंत हळूहळू वर यायला लागते. कुलंग, मदन, अलंग हे तिघं सपाट माथ्याचे, कातळातून कापून काढलेले. त्यांच्यापुढे टोक काढून उभी असते ती कळसूबाई. त्यांना कुणी दाखवायची गरज पडणार नाही बघा, त्याच तुम्हाला दाखवतील. रस्त्यात टाकेद फाट्याला आत वळा. सर्वतीर्थ टाकेदला जटायूची कथा सांगतात, कुंड आहे, तिथे त्यांचं महाशिवरात्रीचं लहानपण निघेल. माहेरचं घर राहिलं नसेल, पण डोंगर त्याच कोनातून दिसेल. हा कोन महत्त्वाचा आहे, पुढे सांगतो का ते.

तिथून पुढे इंदोरे गाव. देवीची गोष्ट याच गावाशी जोडलेली आहे, सासूबाईंना ठाऊक असणारच. कळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली. अट अशी घातली की बाकी सगळं काम करीन, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बरेच दिवस पाटलाने अट पाळली. एक दिवस घरात पाहुणे आले आणि तिला भांडी घासायला बसवलं. तिने घासली, आणि जी निघाली ती डोंगर चढून गेली, परत आलीच नाही. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. मला ही गोष्ट फार आवडते. या देवीने राक्षसबिक्षस कुणी मारलेला नाही. ठरलेलं मोडलं म्हणून काम सोडून गेलेली पोर आहे ती. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुली एकदम ताठ बसायच्या.

इंदोऱ्याकडूनही वर जायला वाट आहे, पण ती अवघड. तुमच्या यजमानांना सांगा, मोह नको.

घाट चढून बारीत आलात की डोंगर एकदम अंगावर येतो. इथे गाडी लावा. जहागीरदारवाडीकडे जाणाऱ्या वाटेने, सकाळी उन्हाच्या आत, जेवढं जमेल तेवढंच चाला. ओढा आहे, खाचरांचे बांध आहेत. चढणीवर, शिड्या लागायच्या आधी, देवीचं खालचं मंदिर आहे. ज्यांना शिखर झेपत नाही त्यांनी तिथूनच नमस्कार करायचा, अशी रीतच आहे. पाय चालले तर तिथवर, नाहीतर बांधावर बसून. दोन्ही चालतं. नारळ तिथेच फोडा. यजमानांना वर जायचंच असेल तर त्यांना एकट्याला सोडा, दुपारी जेवायला येतील खाली.

आता कोनाचं. चित्रकलेच्या तासाला शहरातली पोरं दोन डोंगर, मध्ये सूर्य आणि खाली नदी काढतात ना? आमच्या वारंघुशी-बारीकडची पोरं एकच डोंगर काढायची. उभा, टोकदार, आणि टोकावर पेन्सिलीने दाबून एक ठिपका. ठिपका म्हणजे देऊळ. पुढे माझी बदली मुटखेलच्या बाजूला झाली, धरणाच्या पलीकडच्या काठाला. तिथली पोरं लांबलचक करवतीसारखी रांग काढायची, खाली निळं पाणी, आणि रांगेत एक दात बाकीच्यांपेक्षा थोडा वर. विचारलं तर म्हणायची, "गुर्जी, ही कळसूबाई." डोंगर तोच. म्हणून म्हणतो, सासूबाईंना त्यांचा डोंगर आधी त्यांच्या बाजूने दाखवा, मग बारीतून, आणि शेवटी पाण्यापलीकडून. वर चढणाऱ्या कुणालाही हे तीन मिळत नाहीत.

तर बारीहून शेंडीला या, मुक्काम तिथे करा. शेंडी म्हणजेच तुमचं भंडारदरा. प्रवरेवरचं हे दगडी धरण, विल्सन डॅम, १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. त्या वेळच्या मुंबईच्या गव्हर्नरचं नाव त्याला दिलं. ११ टीएमसी पाणी मावतं. पाणी सोडलेलं असेल तर भिंतीच्या पायथ्याशी अंब्रेला फॉल बघायला मिळतो, सोडलेलं नसेल तर नुसता कातळ. आधी चौकशी करून मग हौस करा.

दुसऱ्या दिवशी धरणाला गाडीने वळसा घाला. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुटखेल आणि परत शेंडी. सगळीकडे गाडी जाते, रस्ता मात्र कुठे बरा, कुठे देवाच्या भरवशावर. घाटघरला कोकणकड्यावर गाडी जवळजवळ कड्यापर्यंत जाते, सासूबाईंना दहा पावलं चालावी लागतील. खाली शहापूरचा मुलूख. तिथे वीजप्रकल्प आहे, २५० मेगावॉटचा. विजेची मागणी असली की पाणी खाली सोडतात आणि मागणी उतरली की तेच पाणी परत वर चढवतात. यजमानांना गुंतवायला चांगला विषय आहे.

रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ सोडू नका. दगडी, कोरीव, बाहेरून बघतच राहावं असं. जवळच पुष्करणी आहे, तिच्या भिंतीतल्या कोनाड्यांत मूर्ती आहेत. मागे रतनगड, तिथेच प्रवरा उगम पावते. देवळाच्या ओट्यावर टेकायला जागा आहे, गार असतं, म्हातारी माणसं तिथून उठायला तयार होत नाहीत.

मग परतीला कोलटेंभे-मुटखेलच्या बाजूला, पाणी दिसेल अशा ठिकाणी दुपारी चारनंतर थांबा. समोर उत्तरेला सगळी रांग.

महिना म्हणाल तर दसरा झाल्यावरचा आठवडा. नवरात्रात नऊ दिवस जत्रा असते, गर्दी नको. दसऱ्यानंतर पाऊस उघडलेला असतो, हवा धुतलेली. भात पिवळा पडायला लागतो, आणि उतारांवर खुरासणी फुललेली असते. लांबून झेंडूचं शेत वाटतं, जवळ गेलं की मधमाश्यांचा आवाज येतो. शक्यतो मंगळवार-बुधवार गाठा. शनिवार-रविवारी आम्हीच घराबाहेर पडत नाही.

सह्यभटक्या

मास्तर, आदर आहे, पण पावसाळ्याला तुम्ही एका ओळीत उडवून लावलंत! जूनच्या सुरुवातीला काजवे, मग धबधबे. भंडारदऱ्याची ओळखच ती आहे.

राजूरचे_मास्तर

भटक्या, पावसाळा मी उडवत नाही, त्यात राहिलोय. घाटघरला आमच्या जिल्ह्याचं चेरापुंजी उगीच म्हणत नाहीत. जुलैत शाळेच्या पत्र्यावर पाऊस असा वाजायचा की शिकवणं बंद, पाढेही ओरडून म्हणायचे. आणि आठ-आठ दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. ढगच बघायचे तर डोंबिवली काय वाईट?

काजवे खरे. मेच्या शेवटापासून पहिला जोराचा पाऊस लागेपर्यंत, हिरडा-बेहडा-सादड्याची झाडं रात्री लुकलुकतात. पूर्वी आम्ही कंदील विझवून ओट्यावरून बघायचो. आता मुरशेत-उडदावण्याच्या रस्त्यावर रात्री गाड्यांची रांग लागते. हेडलाइट चालू, गाणी चालू, आणि झाड हलवून फोटो काढणारे महाभाग वेगळेच. काजव्याची मादी नराचा उजेड बघून प्रतिसाद देते. तुम्ही त्यांच्या लग्नात फ्लडलाइट लावलात तर लग्न मोडणार. हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात चालतं, एवढं तरी लक्षात असू द्या.

श्रीरामपूरकर

मास्तर, छान लिहिलंत. आमचा ऊस तुमच्या भंडारदऱ्याच्या पाण्यावर उभा आहे. कालव्याच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की नाही एवढंच आम्ही बातम्यांत बघतो. धरण कधी पाहिलेलं नाही, खरं सांगतो.

राजूरचे_मास्तर

या की मग. पण एकदा एप्रिल-मेमध्ये या. पाऊस आमच्याकडे पडतो, साठतो आमच्याकडे, आणि उन्हाळ्यात आमच्या कित्येक वाड्यांवरच्या बाया हंडा घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. धरणाचं पाणी खाली दिसतं आणि ते वर चढवून द्यायची सोय नाही. महादेव कोळी, ठाकर लोकांच्या जमिनी धरणाखाली गेल्या, उरलं ते उतारावरचं नागली-वरईचं वावर. तुमच्यावर राग नाही हो, शेतकऱ्याने शेतकऱ्यावर कशाला रागवायचं. पण कालव्याचं दार उघडलं की ते पाणी कुठल्या गावांच्या अंगणातून आलंय ते माहीत असावं.

पर्यटकांनाही हेच सांगतो. पाण्याची बाटली रिकामी झाली की बारीत विकत घ्या, भाकरी गावातल्या घरात खा. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. आधी फोन करून सांगितलं तर नागलीची भाकरीही मिळते. गाडीच्या डिकीत डोंबिवलीचे वडापाव भरून आणू नका.

गुडघेदुखी_स्पेशल

मास्तरांचा बेत गुडघ्यांनाही मान्य. फक्त दोन गोष्टी. गाडीत दर तासाने उतरून पाच मिनिटं चालायला लावा, नाहीतर घाटघरला पोचेपर्यंत पाय आखडतील. आणि बांधावरून चालताना काठी हवी, हात धरून चालणं पुरत नाही. बांध एका माणसाच्या रुंदीचा असतो, हात धरणारा खाचरात जातो.

डोंबिवलीची_सून

सगळ्यांचे खूप आभार! सह्यभटक्या, तुमचेही. यजमान तुमच्या बाजूने होते, पण त्यांना एकट्याला वर सोडणार म्हटल्यावर लगेच फुटले.

काल रात्री जेवणं झाल्यावर मास्तरांचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. टाकेद फाट्यापर्यंत नुसत्या हूं-हूं करत होत्या. गोष्टीपाशी आल्यावर मला थांबवलं. म्हणाल्या, "मास्तरांना सांग, पाटलाने नाही, पाटलाच्या बायकोने बसवलं तिला भांड्यांना. माझी आजी तसंच सांगायची. बाप्या माणसाला भांडी दिसतात होय?" यावर नणंदबाई व्हिडिओ कॉलवर इतक्या हसल्या की वर न्यायचा विषय तिथेच संपला.

दसऱ्यानंतरचा मंगळवार-बुधवार ठरला आहे. उजवी खिडकी आत्तापासून राखीव झालीय, काठी मात्र "मी काय म्हातारी आहे का" म्हणून नाकारली आहे. ती मी डिकीत टाकणार आहे. दोन प्रश्न राहिलेत मास्तर. शेंडीत मुक्कामाला आधी बुकिंग लागेल का? आणि राजूरचे पेढे प्रसिद्ध आहेत म्हणतात, ते वाटेवर मिळतील की राजूरलाच यावं लागेल?

राजूरचे_मास्तर

आजींची दुरुस्ती मंजूर. यापुढे पाटलीणबाईच.

मधल्या वारी शेंडीत खोली सहज मिळते, तरी दिवाळीच्या सुट्ट्या लागून नाहीत ना ते बघून एक फोन करून ठेवा. सासूबाईंसाठी तळमजला मागा आणि संडास कमोडचा आहे का ते विचारा. "आहे, आहे" म्हणतात, पण फोटो पाठवायला सांगा.

पेढ्यांसाठी राजूरलाच या. शेंडीहून जवळ आहे, रस्ता चांगला. सकाळी या, दुपारपर्यंत ताजा माल संपतो. अर्धा किलो घेतलात तर घोटीच्या आतच डबा रिकामा होईल, एक किलो घ्या.